बिनटाक्याची नसबंदी: दहा मिनिटं आणि पुढचे तीन महिने

पुरुष नसबंदीच्या आजच्या पद्धतीला खास म्हणावीत अशी अवजारं दोनच लागतात. एक चिमटा, ज्याच्या टोकाला तीन-चार मिलिमीटर व्यासाची बारीक कडी असते. दुसराही चिमटाच, पण टोकाशी बाक दिलेला आणि अणकुचीदार केलेला. दोन्ही मिळून एका तळहातावर मावतात. ऑपरेशन म्हटलं की डोळ्यांपुढे जे पातं येतं ते इथे कातडीला लागत नाही आणि कातडीवर टाकाही पडत नाही. म्हणून आरोग्य खात्याच्या कागदांत ही ‘बिनटाका पुरुष नसबंदी’ आणि डॉक्टरांच्या तोंडी नुसतीच ‘एनएसव्ही’.

दर वर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर या दिवसांत सरकारी दवाखान्यांतून पुरुष नसबंदीचा पंधरवडा होतो. फलक लागतात, आशाताई घरोघरी सांगून येतात, आणि ऐकणारे बहुतेक पुरुष हसून विषय बदलतात. जे हसत नाहीत त्यांचे प्रश्न दोनच असतात: ताकद जाईल का, आणि काही झालं तर? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं जरा सविस्तर द्यायला हवं, पण ‘काही होत नाही हो’ एवढ्यावर ते उरकलं जातं. हे उत्तर बहुतांशी खरं असलं तरी पूर्ण खरं नाही, आणि ज्या थोड्यांना काही होतं त्यांचा मग पुढच्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास राहत नाही.

आधी ऑपरेशन म्हणजे नेमकं काय ते पाहू. वृषणात तयार झालेले शुक्राणू शुक्रवाहिनीतून वर जातात. डावीकडे एक वाहिनी, उजवीकडे एक. बाहेरून ती दोन-तीन मिलिमीटर जाड असते, आतलं छिद्र मात्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. बाकीची सगळी जाडी स्नायूंच्या भिंतीची, त्यामुळे अंडकोशाच्या सैल कातडीतून चाचपलं तर ती सुतळीसारखी कडक हाताला लागते. डॉक्टर मधलं बोट खालून आणि अंगठा व तर्जनी वरून धरून ही वाहिनी मधोमध, अगदी कातडीलगत आणतात. त्याच जागी लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. सुई आत गेल्यावर ती वाहिनीच्या कडेने वरच्या दिशेला सरकवून, कामाच्या जागेपासून थोडं दूर औषध सोडतात. त्यामुळे काम करायची जागा फुगत नाही आणि वाहिनीची संवेदना वरच्या वर बंद होते. रुग्णाला त्रास व्हायचा तो बहुतेक एवढ्या सुईचाच. पुढे वाहिनी बाहेर ओढताना ओटीपोटात काहीतरी खेचल्यासारखं वाटतं. काहींना घेरी येते. ती या ऑपरेशनचीच म्हणून नव्हे, इंजेक्शन किंवा रक्ततपासणीच्या वेळीही येते तीच.

बधिरता आली की कडीचा चिमटा कातडीसकट वाहिनीला पकडतो. मग अणकुचीदार चिमट्याच्या एका टोकाने नेमकं वाहिनीवर भोक पाडायचं आणि दोन्ही टोकं आत घालून हलकेच फाकवायची. या फाकवण्यात सगळी खुबी आहे. त्या छोट्या वाटेतून वाहिनीचा वेढा बाहेर येतो. तिचा साधारण सेंटिमीटरभर तुकडा काढून टाकतात आणि टोकं रेशमी धाग्याने बांधतात. हा धागा आतच राहतो. शेवटी वाहिनीभोवतीचं पातळ आवरण दोन टोकांच्या मधे येईल असं बांधून घेतात, म्हणजे एक टोक आवरणाच्या आत आणि दुसरं बाहेर. मग त्याच भोकातून दुसऱ्या बाजूची वाहिनी काढायची. सरावलेल्या हाताला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. भोक आपलं आपण आकसतं. वर गॉजची पट्टी आणि आधाराला घट्ट लंगोट किंवा चड्डी, बस.

जुन्या पद्धतीत अंडकोशावर पात्याने एक किंवा दोन छेद घेत आणि नंतर टाके घालत. पातं वाटेत येईल ते कापतं. अंडकोशाच्या कातडीखाली बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि तिथली ऊती सैल असते. मांडीला किंवा दंडाला जखम झाली तर आजूबाजूच्या स्नायूंच्या दाबाने रक्त थांबायला मदत होते. इथे असा दाब देणारं काहीच नाही. एखादी बारीक वाहिनी झिरपत राहिली तरी रक्त साचत जातं आणि दुसऱ्या दिवशी अंडकोश काळानिळा होऊन सुजतो. साचलेलं रक्त म्हणजे जंतूंना आयतं खाद्य, त्यामुळे पाठोपाठ पू होण्याची भीती. फाकवणारा चिमटा रक्तवाहिन्यांना कापत नाही, बाजूला सारतो. फरक इतका साधा आहे.

ही कल्पना चीनमधल्या चोंगचिंगच्या डॉ. ली शुनचियांग यांची, १९७४ सालची. सिचुआन प्रांतात तेव्हा पुरुष नसबंदीचा जोर होता आणि सुरीची धास्तीही. ली यांनी सुरीच काढून टाकली. दहाएक वर्षं हे तंत्र चीनबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. १९८५ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांच्या एका गटाने चोंगचिंगला जाऊन ते पाहिलं आणि मग ते थायलंड, अमेरिका करत पसरलं. भारतात ते नव्वदच्या दशकात आलं आणि १९९८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या मदतीने सरकारी डॉक्टरांना त्याचं पद्धतशीर प्रशिक्षण मिळू लागलं. त्याला सर्जनच हवा असं नाही. प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे ऑपरेशन करू शकतो. ग्रामीण महाराष्ट्रासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे, कारण दुर्बिणीतून होणारं बाईचं ऑपरेशन अशा केंद्रात त्या एकट्या डॉक्टरच्या भरवशावर होत नाही.

नवं तंत्र खरंच सुरक्षित आहे का, याची पहिली मोठी परीक्षा एका उत्सवात झाली. डिसेंबर १९८७ मध्ये थायलंडच्या राजाच्या वाढदिवसानिमित्त बँकॉकमध्ये नसबंदीचा महोत्सव भरला. (आपल्याकडे वाढदिवसाला रक्तदान शिबिरं होतात. तिकडे हे.) १,२०३ पुरुषांची ऑपरेशनं झाली, काही जुन्या पद्धतीने तर काही नव्या. जुन्या पद्धतीत शंभरात तिघांना काही ना काही गुंतागुंत झाली, नव्या पद्धतीत दोनशे-अडीचशेत एखाद्याला. अर्थात उत्सवातल्या आकड्यांवर कुणी शंका घेऊ शकेल. म्हणून पुढे ब्राझील, ग्वाटेमाला, इंडोनेशिया, श्रीलंका आणि थायलंड या पाच देशांत रीतसर चाचणी झाली. कुणाला कोणती पद्धत मिळणार हे तिथे डॉक्टरच्या मर्जीवर नव्हतं, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. एकूण १,४२९ पुरुष होते. जुन्या पद्धतीत शंभरात बारा जणांना रक्त साचून सूज आली, नव्या पद्धतीत शंभरात दोघांनाही नाही. जंतुसंसर्गातही तसाच फरक दिसला. बारा हा आकडा मोठा वाटेल, पण त्यात तपासणीत सापडलेल्या लहानसहान गाठीही मोजल्या होत्या. मूल न होण्याच्या बाबतीत दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या, आणि तसंच असायला हवं, कारण बदलली आहे ती वाहिनीपर्यंत पोचायची वाट. वाहिनी कापणं-बांधणं तेच राहिलं.

इतकं असूनही आपल्याकडे पुरुष पुढे येत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची १९९२-९३ ची पहिली फेरी घेतली तर सुमारे साडेतीन टक्के जोडप्यांत पुरुषाची नसबंदी झालेली होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ०.३ टक्क्यावर आलं. स्त्रियांच्या नसबंदीचं प्रमाण तेव्हा जवळपास ३८ टक्के होतं. म्हणजे जे ऑपरेशन पूर्वीपेक्षा कितीतरी सोपं झालं ते करून घेणारे दहा पटीने कमी झाले. याच सर्वेक्षणात, गर्भनिरोधन ही बाईने पाहायची गोष्ट आहे, असं मानणारे पुरुष शंभरात ३५ निघाले.

याचं खापर एकट्या पुरुषी अहंकारावर फोडणं मला पुरेसं वाटत नाही. साठच्या दशकात मुंबई महापालिकेच्या कुटुंब नियोजनाचं काम पाहणाऱ्या डॉ. डी. एन. पै यांनी थेट रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रं थाटली होती आणि येता-जाता पुरुष ऑपरेशन करून घेत होते. तेही जुन्या पद्धतीचं, टाक्यांचं. केरळात एर्नाकुलमला जुलै १९७१ मध्ये एका महिन्याच्या शिबिरात साठ हजारांवर पुरुष आले. तेव्हा पुरुष काही वेगळ्या मातीचे नव्हते.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ६२ लाखांच्या आसपास पुरुष नसबंद्या झाल्या. कोटा पुरा करायचा म्हणून माणसं उचलून आणली गेली. तरुण, अविवाहित, म्हातारे, कुणीही. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, ही गोष्ट आज कितीजणांना आठवते कोण जाणे. नंतरच्या शहा आयोगापुढे नसबंदीशी जोडलेल्या १,७७४ मृत्यूंची नोंद आली. घाई, अस्वच्छता, ऑपरेशननंतर चौकशी न होणं ही या मृत्यूंमागची कारणं सांगितली गेली. गावात आजही एखादे आजोबा ‘त्या ऑपरेशनने अमका गेला’ म्हणतात तेव्हा ते थापा मारत नसतात. ते १९७६ बद्दल बोलत असतात आणि ऐकणारा नातू ते आजच्या ऑपरेशनला लावतो. त्यानंतरच्या सरकारांनी पुरुषांना हात लावायचं सोडलं आणि उद्दिष्टांचा सगळा भार बायकांवर टाकला. राजकारण्यांच्या दृष्टीने ते सोयीचंच होतं.

आता ताकदीचा प्रश्न. वृषणाची कामं दोन. शुक्राणू तयार करणं आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार करणं. शुक्राणू वाहिनीतून जातात, टेस्टोस्टेरॉन थेट रक्तात मिसळतं. नसबंदीत वाहिनी बंद होते, रक्तपुरवठ्याला धक्का लागत नाही. त्यामुळे दाढी-मिशी, आवाज, स्नायू, इच्छा, ताठरता यांपैकी कशाचाही त्या वाहिनीशी संबंध नाही. वीर्यही पूर्वीइतकंच येतं, कारण त्यातला शंभरातला पंचाण्णवहून अधिक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या वरच्या ग्रंथींतून येतो. मग तयार होणारे शुक्राणू जातात कुठे? ते तिथल्या तिथे विरघळतात आणि शरीर ते शोषून घेतं. हेही नवं नाही. नसबंदी न झालेल्या माणसातही न वापरलेल्या शुक्राणूंचं असंच होतं.

‘जड काम जमत नाही’ ही तक्रार मात्र हसण्यावारी नेऊ नये. हमाली करणाऱ्याला, ऊस तोडणाऱ्याला अंग हेच भांडवल असतं. सरकारी नियमाप्रमाणे ऑपरेशननंतर अर्धा तास बसवून ठेवायचं, दोन दिवस आराम, त्यानंतर हलकं काम, आणि सायकल किंवा अंगमेहनत आठवड्याने. पण रोजंदारीवरचा माणूस दुसऱ्याच दिवशी पोतं उचलतो, सूज येते आणि दोष नसबंदीवर जातो. सरकार देतं ते पैसे या बुडालेल्या मजुरीपोटीच असतात. केंद्राने २००७ मध्ये पुरुषासाठी १,१०० रुपये ठरवले, महाराष्ट्रात राज्याची भर धरून १,४५१ मिळतात. आठवड्याची मजुरी त्यात भागते का, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

शिकलेल्या पुरुषांच्या शंका वेगळ्या. एकेकाळी हृदयविकाराची भीती होती. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत माकडांवरच्या प्रयोगांत नसबंदी झालेल्या माकडांच्या धमन्या जास्त जाड झालेल्या आढळल्या आणि तिकडे चांगलीच घबराट उडाली. नंतर हजारो पुरुषांवर अभ्यास झाले, एकात तर दहा हजारांवर नसबंदी झालेले पुरुष होते, आणि माणसांत तसं काही दिसलं नाही. ती भीती विझली. दुसरी भीती प्रोस्टेटच्या कर्करोगाची. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या दोन अभ्यासांत संबंध दिसला आणि तेव्हापासून वाद सुरू आहे. सगळे अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये जे विश्लेषण आलं त्यात जोखीम जेमतेम पाच टक्क्यांनी जास्त दिसली. हे पाच टक्के म्हणजे शंभरात पाच रुग्ण नव्हेत. मूळ जोखीम शंभर मानली तर ती एकशे पाच. घातक कर्करोगाशी किंवा मृत्यूशी तर संबंध आढळलाच नाही. डेन्मार्कच्या नोंदींवरून आलेल्या नंतरच्या अभ्यासात आकडा थोडा वर गेला, पण तोही लहानच. यात एक मेख आहे. जो पुरुष नसबंदीसाठी डॉक्टरकडे जातो तो तपासण्याही जास्त करतो, आणि प्रोस्टेटचा सौम्य कर्करोग शोधायला गेलं की सापडतो. म्हणून अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने ही बाब प्रत्येक रुग्णाला धोका म्हणून सांगण्याची गरज मानलेली नाही. मला ते पटतं. भावाला किंवा वडिलांना हा आजार असेल तर एकदा विचारून घ्यावं, इतकंच.

मग ज्याचा उल्लेख शिबिरात होत नाही तो खरा धोका कोणता? दुखणं. पहिले काही दिवस ठणकतं ते नव्हे. तीन महिन्यांनंतरही राहणारं, काम करताना, बसताना, संबंधाच्या वेळी जाणवणारं दुखणं. जगण्यात अडथळा आणण्याइतकं ते शंभरात एका-दोघांना होतं. कारणं एकाहून जास्त आहेत. वृषणामागची शुक्राणू साठवणारी गुंडाळी भरून ताणली जाते, किंवा कापलेल्या टोकातून शुक्राणू गळून तिथे गाठ धरते, किंवा एखादा मज्जातंतू व्रणात अडकतो. बऱ्याच जणांचं दुखणं गोळ्या, आधार आणि वेळ यांनी कमी होतं. काहींना मज्जातंतूजवळ इंजेक्शन द्यावं लागतं आणि अगदी थोड्यांना दुसरं ऑपरेशन. बिनटाका पद्धतीने रक्त साचण्याचं प्रमाण कमी केलं, पण वाहिनी बंद होण्याचा परिणाम ती टाळू शकत नाही. शंभरात एक-दोन हा आकडा सांगितला तर चार लोक माघारी फिरतील, हे खरं. पण न सांगता दुखणारा तो एक गावभर जे सांगत फिरेल त्याने चाळीस फिरतील.

काहींनी हे ऑपरेशन लगेच करू नये किंवा सगळी सोय असलेल्या ठिकाणी करावं. अंडकोशावर गजकर्ण किंवा पुरळ असेल तर आधी ते बरं करावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, रक्त न थांबण्याचा आजार असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, पूर्वी हर्नियाचं किंवा अंडकोशाचं ऑपरेशन झालं असेल, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. विदर्भात हत्तीरोगाचे पट्टे आहेत आणि तिथे अंडवृद्धी, म्हणजे अंडकोशात पाणी साचणं, सर्रास दिसतं. अशा अंडकोशात वाहिनी बोटांना सापडणंच कठीण. तिथे कडीच्या चिमट्याचा उपयोग नसतो, रीतसर ऑपरेशन लागतं आणि दोन्ही कामं एकाच वेळी होऊ शकतात. बाकीच्यांनी घरी गेल्यावर एवढंच पाहायचं: सूज वाढतेय का, ताप आहे का, भोकातून पू किंवा रक्त येतंय का. यातलं काही असेल तर पंधरवडा संपला की नाही हे न बघता दवाखाना गाठायचा.

‘नंतर उलटं करता येतं ना?’ असंही विचारतात. येतं, पण विसंबू नये. सूक्ष्मदर्शकाखाली वाहिनी पुन्हा जोडतात. अमेरिकेत १९९१ मध्ये १,४६९ पुरुषांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नसबंदीला तीन वर्षं व्हायच्या आत जोडलेल्यांपैकी शंभरात ७६ जोडप्यांना दिवस गेले. पंधरा वर्षांनंतर जोडलेल्यांत शंभरात ३०. शिवाय हे काम करणारे हात थोडे आणि खर्च भरपूर. मूल गेलं, दुसरं लग्न झालं, अशा प्रसंगी त्याचा आधार आहे, पण आधीच मनात किंतु असेल त्याने निरोधवर राहावं. निदान एक मूल वर्षाच्या पुढचं असल्याशिवाय नसबंदी करायची नाही, हा सरकारी नियम त्याच विचाराचा आहे.

सुरक्षिततेची तुलना शेवटी बायकोच्या ऑपरेशनशीच करावी लागते, कारण घरात निवड या दोहोंतूनच होते. बाईच्या बीजवाहिन्या पोटात असतात. तिथे पोचायचं तर पोट उघडावं लागतं किंवा वायूने फुगवून दुर्बीण घालावी लागते. आतडं, मूत्राशय, मोठ्या रक्तवाहिन्या अगदी शेजारी. भूलही जास्त लागते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगढच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली आणि डझनभर बायकांचा जीव गेला. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं बंद करण्याचा आदेश दिला. नीट केलेलं बाईचं ऑपरेशनही सुरक्षितच असतं, पण चूक झाली तर किंमत कुठे किती, हा फरक राहतो. परिणामकारकतेतही पुरुषाचं ऑपरेशन सरस आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात नसबंदी झालेल्या हजार बायकांपैकी सुमारे १८ जणींना दहा वर्षांत दिवस राहिले. पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू नाहीत असं तपासणीने ठरल्यावर दिवस राहण्याची शक्यता दोन हजारांत एक.

‘तपासणीने ठरल्यावर’ हे शब्द मात्र वाचून सोडून देण्यासारखे नाहीत. ऑपरेशनच्या दिवशी कापलेल्या जागेच्या वरच्या भागात शुक्राणू साठलेले असतातच. ते निघून जायला सुमारे तीन महिने लागतात. तोवर निरोध किंवा बायकोची गोळी चालू ठेवावी लागते. दुसरं म्हणजे काही थोड्या जणांत कापलेली टोकं पुन्हा जुळतात. मधे आवरण बांधण्याची युक्ती याच्यासाठी आहे. तिने वीर्यतपासणीत फसलेल्या नसबंद्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं, असं चाचणीत दिसलं आहे. पण कितीही कुशल डॉक्टर असला तरी टेबलावर पडलेल्या माणसाला ‘झालं’ असं त्याच दिवशी सांगता येत नाही.

आणि नेमका इथेच आपल्याकडे सगळ्यात मोठा घोळ होतो. पट्टी निघाली, पैसे खात्यात आले, की माणूस परत फिरकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बायकोला दिवस जातात. मग गावात, घरात, सासूच्या तोंडी पहिला प्रश्न डॉक्टरविषयी नसतो, सुनेविषयी असतो. नवऱ्याने ‘माझं तर ऑपरेशन झालंय’ म्हणायचं आणि तिने शपथा घ्यायच्या. ज्या नसबंदीचा धोका पुरुषाच्या शरीराला नगण्य आहे तिच्यात बाईच्या अब्रूला आणि कधी कधी जिवाला धोका निर्माण होतो, तो एका न केलेल्या तपासणीमुळे. म्हणून समुपदेशनाच्या वेळी बायकोला शेजारी बसवून तीन महिन्यांची गोष्ट तिच्यादेखत सांगावी, असं मला वाटतं. कायद्याने नसबंदीला तिची संमती लागत नाही. तरीही ही माहिती तिच्याकडे असायलाच हवी.

तपासणी अवघड नाही. ऑपरेशनच्या वेळी मिळणाऱ्या कागदावर तीन महिन्यांनंतरची तारीख घालून घ्यावी. नमुना घरून स्वच्छ, कोरड्या बाटलीत आणला तरी चालतो, फक्त तासाभरात प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. नमुना निरोधमध्ये भरून आणू नये, निरोधवरच्या औषधाने शुक्राणू मरतात आणि अहवाल फसवा येतो. शुक्राणू दिसले तर दर महिन्याला पुन्हा तपासणी, तोवर निरोध चालूच. सहा महिन्यांनंतरही दिसत राहिले तर ऑपरेशन फसलं असं धरून ते पुन्हा करतात. अहवालात शून्य आलं की नसबंदीचं प्रमाणपत्र मिळतं. ते ऑपरेशनच्या दिवशीच कुणी हातात ठेवत असेल तर घेऊ नये.